गुऱ्हाळाच्या चुलवाणात प्लॅस्टिक जळतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात. शेताला लागूनच काकांचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे भांडण नको. चिपाडं ओली राहिली की काहिलीतला रस आटेना, म्हणून हल्ली चुलवाणात ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्या, पाइपाचे तुकडे, काय मिळेल ते जातंय. काका म्हणतात, "अरे, हे घट्ट झालेलं रॉकेलच की!"

जाळ होतो, खरंय. नळ्या-गोण्या पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिनच्या. पूर्ण जळाल्या तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. पण धूर काळाकुट्ट निघतो, म्हणजे हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी आलीच. मला खरी धास्ती पाइपांची. तांब्याची तार लाल तापवून एका तुकड्याला टेकवली, पुन्हा जाळावर धरली, तर ज्योत हिरवीगार! म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनंही तयार होतात. युरोपात कचऱ्यावर वीज करणाऱ्या प्रकल्पांना हे वायू 850 अंशांवर निदान 2 सेकंद ठेवावे लागतात, वर धूर धुवायची यंत्रणा. इथं नुसतं धुराडं.

परवा पत्र्यावरच्या सांडग्यांवर काळे कण बसले. आईनं सगळे उकिरड्यावर टाकले.

विचारायचं असं: चुलवाणातली राख उसाला टाकावी का? काका ती सगळ्यांना फुकट वाटतात. डायॉक्सिन चरबीत साठतात म्हणे, मग शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींच्या दुधाचं काय? चिपाडं लवकर वाळवायची कुणाकडे युक्ती आहे का? आणि प्रदूषण मंडळाच्या लातूर कार्यालयात न जाता काकांना कसं पटवावं?