प्रतिसाद: ‘येस, आय लाइक’ म्हणून वाक्य अर्धवट का राहतं?

प्रश्न असा, की इंग्रजी शिकताना ‘डू यू लाइक इट?’ला स्पॅनिशभाषक विद्यार्थी ‘येस, आय लाइक’ एवढंच का म्हणतात. शब्द येत नाहीत म्हणून नव्हे, वाक्याची बैठकच वेगळी आहे म्हणून. स्पॅनिशमधलं ‘मे गुस्ता एल काफे’ हे थेट आपल्या ‘मला कॉफी आवडते’सारखं. कर्ता कॉफी, माणूस चतुर्थीत. पुस्तकं अनेक झाली की ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ होतं, जसं ‘आवडतं’चं ‘आवडतात’. शिवाय कर्ता गाळला तरी चालतो: ‘सी, मे गुस्ता’ (‘हो, आवडते’). इंग्रजीत हाच गाळलेला कर्ता कर्म बनतो आणि तिथे ‘इट’ टाळता येत नाही.

म्हणून ‘लाइक’ सुटं शिकवूच नका. एक सफरचंद दाखवा, ‘आय लाइक इट’. तीन दाखवा, ‘आय लाइक देम’. ‘गुस्तान’मधलं अनेकवचन क्रियापदावरून ‘देम’वर सरकवायचं, एवढंच काम.

‘आय लाइक व्हेरी मच द कॉफी’ ही दुसरी हमखास चूक. ‘मे गुस्ता मुचो एल काफे’चा क्रम जसाच्या तसा उतरतो. ‘व्हेरी मच’ शेवटी न्या आणि सर्वसाधारण आवड सांगताना ‘द’ काढा.

उच्चारात ‘इट’चं ‘ईट’ होतं, म्हणजे चक्क ‘खा’! स्पॅनिशमध्ये हे दोन ‘इ’ वेगळे नाहीत. ‘लाइकिट’ असं जोडून म्हणवून घेतलं की तो स्वर आखडायला मदत होते.

‘मे गुस्तास’ (‘तू मला आवडतोस/आवडतेस’) मात्र जपून. त्यात प्रेमाची छटा येते, ‘आय लाइक यू’ त्या मानाने सौम्य.