मदत हवी आहे: जेडॅमचं अलाइनमेंट मधेच जातं का? (डीसीएस, एफ-१६)

येऊरपायथा (ठाणे):

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं शनिवारी रात्री डीसीएसमध्ये (लढाऊ विमानं उडवायचा कॉम्प्युटर सिम्युलेटर) एकत्र उडतो. मी ठाण्यात, एक जण नेरूळला, एक खारघरला. नकाशा कॉकेशसचा, कारण तो फुकट आहे. मिशन नेरूळवाला बनवतो: पुढे क्षेपणास्त्रांचं ठाणं, मागे दरीत इंधनाच्या टाक्या, मधे छळायला दोन मिग. माझ्या एफ-१६ ला चार जीबीयू-३८, म्हणजे जीपीएसने निशाण गाठणारे जेडॅम बॉम्ब, लावलेले असतात.

पहिला बॉम्ब नेमका बसतो. दुसरा टाकीपासून साठ-सत्तर मीटर नैऋत्येला पडतो. तिसराही तितकाच आणि तिकडेच. दर शनिवारी हेच.

खारघरवाल्याचं म्हणणं, मिगशी झटापट करायला डॉगफाइट मोडमध्ये गेलं की बॉम्बचं अलाइनमेंट (आपण कुठे आहोत हे बॉम्बने विमानाकडून जुळवून घेणं) ढासळतं. पॉवर बंद करून पुन्हा चालू कर. तेही करून पाहिलं. परत दोन-तीन मिनिटं वाट बघायची, ए १० पासून आकडा उतरत ए १ ला येतो, आरडीवाय (म्हणजे तयार) दिसतं, आणि बॉम्ब पुन्हा त्याच शेतात! मला स्वतःला हे अलाइनमेंटचं कारण पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही.

विचारायच्या आधीच सांगतो. कोल्ड स्टार्ट करतो. आयएनएस, म्हणजे विमान कुठे आहे ते स्वतःच मोजणारी यंत्रणा, तिचा खटका नॉर्मवर ठेवून अक्षांश-रेखांश एंटर करतो, पूर्ण आठ मिनिटं थांबतो (तेवढ्यात चहा होतो), स्टेटस १० झाल्यावरच नॅववर नेतो, त्याआधी विमान जागचं हलवत नाही. बॉम्बचा मोड प्री, म्हणजे आधीच ठरवलेल्या जागेवर टाकायचा. पहिल्या ठाण्यावर पॉड (विमानाला लावलेला निशाणाचा कॅमेरा) स्टीअरपॉइंटवरून (मार्गावर आधीच ठरवलेला बिंदू) जरा सरकवून रडारच्या गाडीवर नेतो आणि सोडतो. टाक्यांवर मात्र ढग असतात, पॉडमध्ये नुसतं पांढरं. तिथे थेट पुढच्या स्टीअरपॉइंटवर विश्वास ठेवून टाकतो. टाक्यांचे स्टीअरपॉइंट मिशन एडिटरमध्ये बरोबर टाकीवरच आहेत, तपासलेत.

उलवे_रनवे:

काका, मिशनची तारीख बघा आधी. तारीख जुनी असेल तर डीसीएस जीपीएस देतच नाही आणि सगळा भार आयएनएसवर येतो. मग विमानाची चूक बॉम्बलाही मिळते. जीपीएस नसेल तर खऱ्या जेडॅमचाही हिशोब ३० मीटरच्या आसपासचा धरतात. आमच्याकडे एकाने हौसेने १९९१ चं आखाती युद्ध उभं केलं आणि त्यात जेडॅम लावले. अरे, त्या युद्धात धूर-ढगांनी लेझरचे बॉम्ब आंधळे झाले म्हणून तर जेडॅम सुचलं! खरा वापर १९९९ मध्ये, कोसोवोच्या वेळी, बी-२ बॉम्बरमधून.

येऊरपायथा:

तारीख २०१६ ची आहे. जीपीएसचं बटणही चालू.

गडकरी_कट्टा:

जीबीयू-१२ लावा, लेझर मारा, विषय संपला. आपल्या मिराजनी २४ जून १९९९ ला टायगर हिलवर लेझर बॉम्बच टाकले होते, आणि तेही लायटनिंग पॉड वापरूनच.

येऊरपायथा:

ढग आहेत म्हणतोय ना दादा. लेझर ढगातून कसं जाणार?

वाशी_खाडीपूल:

काका, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. अलाइनमेंट बिघडलं असतं तर बॉम्ब कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. आयएनएस हळूहळू भरकटत असता तर चूक वेळेबरोबर वाढली असती. तुमची चूक एकाच दिशेला आणि एकाच अंतराची आहे. म्हणजे बॉम्ब सांगितलेल्या जागी इमानदारीत जातोय. जागाच चुकीची सांगितली जातेय.

पॉड तुम्ही स्टीअरपॉइंटवरून रडारच्या गाडीवर सरकवलात, तेव्हा एफ-१६ ला वाटलं की हा वैमानिक माझी नॅव्हिगेशनची चूक दुरुस्त करतोय. ते सरकवणं तो लक्षात ठेवतो आणि सगळ्या स्टीअरपॉइंटना लावतो. गाडी ठाण्याच्या स्टीअरपॉइंटपासून साठ-सत्तर मीटर नैऋत्येला असणार, बघा. पुढचा स्टीअरपॉइंट निवडलात की तोही तितकाच सरकलेला असतो. ढग नसते तर पॉडमध्ये लगेच दिसलं असतं.

उपाय: पहिला बॉम्ब सुटून पुढचा स्टीअरपॉइंट घेतला की पॉडच्या पानावर सीझेड दाबायचं, म्हणजे कर्सर झीरो. साठलेलं सरकवणं शून्य होतं. मला तर प्रत्येक टार्गेटनंतर डोळे मिटून दाबायची सवय लागलीय.

डॉगफाइट मोडची भीती काढून टाका. एसएमएसवर (विमानातलं शस्त्रांचं पान) पॉवर ऑन आहे तोवर अलाइनमेंट राहतं, मधे मिग पाडा नाहीतर गिरक्या घ्या. पॉवर बंद केली किंवा खाली उतरून नवे बॉम्ब चढवले की मात्र पहिल्यापासून. निशाणावर पोचून पॉवर चालू करणारे पाहिलेत मी; ते तिथेच घिरट्या घालतात आणि खालून क्षेपणास्त्र खातात.

येऊरपायथा:

काल रात्री एकट्यानेच उडून पाहिलं. रडारची गाडी नैऋत्येलाच आहे! सीझेड दाबलं आणि दोन्ही टाक्या गेल्या. मनापासून आभार.

आता चौथा. टेकडीवरची दळणवळणाची इमारत. तिथेही ढग. सीझेड दाबूनही बॉम्ब इमारतीच्या पलीकडे पडतो, डावी-उजवीकडे नाही, मी ज्या दिशेने येतो त्याच रेषेत पुढे. दुसऱ्या बाजूने आलो तर त्या बाजूने पलीकडे.

वाशी_खाडीपूल:

उंची. जेडॅमला अक्षांश-रेखांशाइतकीच समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. स्टीअरपॉइंटची उंची खऱ्या जमिनीपेक्षा जास्त असेल तर बॉम्ब हवेतल्या बिंदूतून जाऊन पुढे आपटतो, कमी असेल तर अलीकडेच. बॉम्ब ६० अंशांत उतरत असेल तर ३० मीटरच्या चुकीला साधारण १७ मीटर पुढे-मागे. उतारावर याहून जास्त. एडिटरमध्ये स्टीअरपॉइंटची उंची जमिनीला टेकवलेली नसेल, नेरूळवाल्याला विचारा. तोवर स्टीअरपॉइंटच्या पानावर उंची हाताने बदलता येते. ढग नसतील तेव्हा पॉडवरून लेझर मारून अंतर घेतलंत तर हा प्रश्नच येत नाही.

येऊरपायथा:

विचारलं. म्हणतो, "टेकडी आहे हे विसरलो, अंदाजे आकडा टाकला." शनिवारी दुरुस्त मिशन येतंय. खारघरवाल्याला हा धागा पाठवलाय. त्याचं अजूनही म्हणणं आहे की पॉवर बंद-चालू केल्याने थोडा फरक पडतोच.