बंदरातल्या जहाजांचा धूर मोजायचा कसा?

शिवडीकर: प्रोजेक्टसाठी न्हावाशेवाला येणाऱ्या कंटेनर जहाजांचं प्रदूषण काढायचंय, पण चिमणीला मीटर लावू कोण देणार, मग आकडा आणायचा कुठून?

उरणची_पोर: मीटर कशाला रे? इंजिनाचे किलोवॅट गुणिले लोड (पूर्ण ताकदीच्या किती हिश्श्यावर चालतंय ते) गुणिले तास गुणिले एमिशन फॅक्टर (दर किलोवॅट-तासाला किती ग्रॅम प्रदूषण निघतं तो आकडा), तास एआयएसवरून काढ, म्हणजे जहाज आपली जागा नि वेग रेडिओवर कळवत राहतं त्या नोंदींवरून. धक्क्याला लागल्यावर मेन इंजिन बंद पण जनरेटर, बॉयलर चालूच, त्यात रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर जास्त असले की लोड अजून वाढतो, नेमकं हेच लोक विसरतात.

जुना_खलाशी: चालत्या जहाजाचा लोड वेगाच्या घनात बदलतो, वेग अर्धा केला की साधारण आठवा हिस्सा. आणि इंधनातल्या सल्फरला २०२० पासूनची ०.५० टक्क्यांची मर्यादा धर, जुन्या रिसर्च पेपरातले आधीच्या मर्यादेचे ३.५० वाले आकडे उचलशील नाहीतर. स्क्रबरवाल्यांचं, म्हणजे धुरातला सल्फर धुऊन काढणारं यंत्र लावलेल्यांचं, वेगळं.

शिवडीकर: अँकरेजला, म्हणजे बाहेर नांगर टाकून थांबलेली पण धरायची?

उरणची_पोर: मग! जनरेटर तिथेही चालूच की.