मोबाईलमधलं रेकॉर्डिंग स्वतःच्या हातानं लॅपटॉपवर कसं घ्यायचं? (टॉकबॅक आणि एनव्हीडीए)

तंबोरा_मिरज:

नमस्कार मंडळी. मी मिरजेत गाणं शिकवते. जन्मापासून दिसत नाही. फोन अँड्रॉइडचा, टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि तेच काम करणारं एनव्हीडीए. दोन्ही मला सफाईनं वापरता येतात. अडतं ते एकातून दुसऱ्यात जाताना.

शिकवणीचं रेकॉर्डिंग फोनवर वेव्ह फाइलमध्ये करते. ४० मिनिटांचं म्हणजे ४०० एमबीच्या घरात जातं. ते लॅपटॉपवर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कापायचं आणि ज्याचा त्याचा तुकडा त्या विद्यार्थ्याला द्यायचा. इतके दिवस भाचा हे करायचा, तो जूनमध्ये नोकरीला पुण्याला गेला. मग एका दुकानात फोन दिला. तिथल्या मुलानं फाइली पेनड्राइव्हवर दिल्या, पण "जागा भरली होती" म्हणून काही पुसूनही टाकल्या. त्यात माझ्या गुरुजींनी गायलेला २२ मिनिटांचा मुलतानी राग होता. गुरुजी आता नाहीत. म्हणून ठरवलंय, यापुढे फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही.

केबल लावली की लॅपटॉप आवाज देतो, एक्स्प्लोररमध्ये फोनचं नावही येतं. आत गेलं की एनव्हीडीए म्हणतं, फोल्डर रिकामा आहे. व्हॉट्सअ‍ॅप वेब करून पाहिलं, तर तो चौकोनी कोड स्कॅन करायचा कसा? लॅपटॉपसमोर फोन धरून अर्धा तास बसले. तिरका झालाय की लांब गेलाय, काही कळत नाही. कृपया सांगा.

काठीवाला_नाशिक:

ताई, मी बँकेत आहे, मीही एनव्हीडीएवालाच. गुरुजींच्या रेकॉर्डिंगचं वाचून पोटात कालवलं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

फोल्डर रिकामा नाही, फोननं दार लावून घेतलंय. केबल लावली की अँड्रॉइड आपण होऊन फक्त चार्जिंग सुरू करतो, म्हणजे परक्या कॉम्प्युटरला आतलं दिसू नये. दार आपणच उघडायचं. फोन अनलॉक करून केबल लावा. दोन बोटं वरच्या कडेपासून खाली ओढा, सूचना उघडतील. उजवीकडे स्वाइप करत जा, अँड्रॉइड सिस्टीमची "यूएसबीद्वारे चार्ज होत आहे" अशा अर्थाची सूचना सापडेल, बहुतेक वेळा अगदी तळाशी. डबल टॅप करा. पहिल्या डबल टॅपला ती नुसती उलगडते, दुसऱ्याला पर्याय येतात. मी पहिले दोन महिने इथेच हरत होतो. त्यातलं "फाइल ट्रान्सफर" निवडा.

मग लॅपटॉपवर विंडोज+ई, धिस पीसी, फोनच्या नावाचं पहिलं अक्षर दाबा, एंटर. आत इंटर्नल स्टोरेज, त्यात रेकॉर्डिंगचा फोल्डर. कंट्रोल+सी करून म्युझिकमध्ये कंट्रोल+व्ही. कट करू नका! केबल मधेच हलली तर फाइल ना इकडची ना तिकडची. आणि फोनमध्ये असतानाच ऑडॅसिटीत उघडायला जाऊ नका, आधी कॉपी.

दर वेळी सूचना शोधायचा कंटाळा आला तर सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन" इथे बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करायचं, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशनला फाइल ट्रान्सफर लावून ठेवा. मग फक्त अनलॉक करणं उरतं. बाकी तिथे कशाला हात लावू नका.

सूचनाच आली नाही तर केबल बदला. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, हाताला फरक कळत नाही. माझ्या चांगल्या केबलला मी दोऱ्याची गाठ मारून ठेवलीय.

आता गुरुजींचं. ते मुलतानी कधी कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं का? पाठवलेल्या फाइलीची एक प्रत फोनमध्येच राहते. अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, मीडिया असं आत जा. तिथे व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स, दोन्हीच्या आत "सेंट" फोल्डर असतो. दोन्ही बघा.

रिमझिम:

मी डोळस आहे, वडील टॉकबॅक वापरतात. व्हॉट्सअ‍ॅपचा चौकोनी कोड टाळता येतो. वेबच्या पानावर "फोन नंबरने लॉग इन करा" अशी लिंक आहे, नंबर दिला की ८ अक्षरी कोड मिळतो, तो फोनवर टाइप करायचा. बाबा एकेक अक्षर बाणानं ऐकून घालतात. ताई, फाइल पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणूनच पाठवा. २ जीबीपर्यंत जाते आणि जशी आहे तशीच पोचते.

निवृत्त_सोलापूर:

ब्लूटूथही हाताशी असू द्या. लॅपटॉपवर विंडोज+आर, मग एफ-एस-क्यू-यू-आय-आर-टी लिहून एंटर. छोटी खिडकी येते, एनव्हीडीए ती नीट वाचतं. आधी तिथे "रिसीव्ह फाइल्स" करून ठेवायचं, मग फोनवरून शेअर करायचं. तुमच्या ४०० एमबीला मात्र फार वेळ लागेल. कापलेल्या तुकड्यांना बरं.

काठीवाला_नाशिक:

वाय-फायवर करायचं असेल तर गूगलचं क्विक शेअर लॅपटॉपवर टाका. दोन्हीकडे तेच गूगल खातं आणि "युअर डिव्हाइसेस" ठेवलं की फाइल घ्यायची का असं विचारतही नाही. पण आधी केबल जमवा. केबलीला इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही.

तंबोरा_मिरज:

जमलं दादा! काल रात्री. सूचना खरंच अगदी तळाशी होती आणि दोनदा उघडावी लागली. तुम्ही लिहिलं नसतं तर पहिल्या टॅपलाच सोडून दिलं असतं. ६१ फाइली घेतल्या.

एक सांगते. कॉपी होताना एनव्हीडीए जे बीप देत जातं, ते चढत जाणारे स्वर आहेत. मी पेटी घेऊन बसले आणि ताडून पाहिलं. दर २५ टक्क्यांना बरोबर एक सप्तक चढतं, शून्यापासून शंभरपर्यंत चार सप्तकं. त्यामुळे किती झालंय हे विचारावंच लागत नाही. तिसऱ्या सप्तकात शिरलं की निम्मं झालं. माझ्या विद्यार्थ्यांनाही ऐकवलं.

रिमझिम, आठ अक्षरांचा कोडही चालला. तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

ऑडिओच्या सेंटमध्ये काही नव्हतं. डॉक्युमेंट्सच्या सेंटमध्ये मात्र एक फाइल निघाली. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीला आलाप ऐकण्यासाठी पाठवलेली, मी विसरूनच गेले होते. ९ मिनिटं आहेत. बंदिश नाही, नुसता आलाप, आणि सुरुवातीला गुरुजी तंबोरा लावताना खाकरतात तेही आहे. दोन पेनड्राइव्हवर ठेवलंय, एक शिष्येकडे दिलाय.