मदत हवी आहे: कोहात ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधलं की निम्मीच पुस्तकं येतात

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात कोहा हे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर बसवतोय आणि एका जागी अडकलोय. ब वर्गाचं ग्रंथालय, साडेसात हजारांच्या आसपास पुस्तकं, एक ग्रंथपाल ताई आणि संध्याकाळी हाताशी येणारे आम्ही दोघं. आजवर सगळा कारभार दाखल नोंदवहीवर चालला. कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, “फुकट म्हणजे नक्की काय, उद्या पैसे मागितले तर?” तेव्हा सांगितलं की न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने १९९९ मध्ये स्वतःसाठी हे करून घेतलं, २००० पासून ते वापरात आहे आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मग ठराव मंजूर झाला. त्यामुळे आता हे नीट चालवून दाखवणं माझ्या अंगावर आहे.

मशीन म्हणजे देणगीत आलेला डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, नवीन एसएसडी, सोबत यूपीएस. त्यावर डेबियन १२ (लिनक्स), मारियाडीबी (डेटाबेस) आणि कोहाचं अधिकृत पॅकेज. अपाचे या वेब सर्व्हरने सुरुवातीला त्रास दिला. त्यातलं एमपीएम इव्हेंट हे मॉड्यूल बंद करून एमपीएम आयटीके चालू केल्याशिवाय कोहाची साइट उठत नव्हती, आणि ८०८० पोर्टसाठी ‘लिसन’ची ओळ हाताने घालावी लागली. ते जमलं.

खरी अडचण शोधाची. पहिल्या दिवशी मराठीत काहीच सापडेना, इंग्रजी नावं मात्र लगेच येत. वाचल्यावर कळलं की झेब्राची, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राची, मूळ मांडणी रोमन अक्षरं धरून केलेली असते, देवनागरीसाठी आयसीयू ही युनिकोड हाताळणारी सोय लावावी लागते. डिफॉल्ट डॉट आयडीएक्स या फाइलमधल्या चारमॅपच्या ओळी बदलून आयसीयूचेन केल्या, सगळी अनुक्रमणी (शोधासाठीची सूची, इंडेक्स) पुन्हा केली आणि मराठी शोध सुरू झाला. ताईंनी स्वतःच्या हाताने ‘कविता’ टाइप केलं आणि यादी आली, तेव्हा फार बरं वाटलं.

परवा एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांना जमिनीच्या पोताविषयीचं पुस्तक हवं होतं, नावात ‘शेतकऱ्यांसाठी’ होतं एवढं त्यांना आठवत होतं. मी शोधलं, चार पुस्तकं आली, त्यात ते नव्हतं. ताई उठल्या आणि मागच्या कपाटातून ते पुस्तक काढून दिलं. नोंद कोहात आहे. दाखल क्रमांकाने शोधलं की येते, नावाने येत नाही.

रात्री एक सापडलेली आणि ही न सापडलेली अशा दोन्ही नोंदी एक्सेलमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. डोळ्यांना अगदी एकसारखा शब्द. पण लांबी मोजण्याचं सूत्र लावलं तर एकात १३ आणि दुसऱ्यात १४. अर्ध्या नोंदी एका मुलीने फोनच्या कीबोर्डवर केल्या आहेत, अर्ध्या जुन्या फाँटमधल्या यादीवरून युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतल्या आहेत. दुसऱ्या प्रकारात मधे एक न दिसणारं अक्षर आहे एवढं समजलं. ‘गोऱ्या’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘तऱ्हा’ सगळ्यांचं तेच.

हे डेटामध्ये दुरुस्त करायचं की शोधाच्या मांडणीत? पहिल्या टप्प्यात १,२०० नोंदी चढवल्या आहेत, देवघेव अजून सुरू केलेली नाही.

दुसरा छोटा प्रश्न: वाचकांना घरून यादी बघता यावी अशी इच्छा आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून आलेली मागणी या मशीनकडे वळवूनही) बाहेरून उघडत नाही. राउटरच्या वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.८४ ने सुरू होतो.

प्रतिसाद १

दादा, मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, आमच्याकडे हेच झालं होतं. तो ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिला जातो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. दुसरी जुनी रीत म्हणजे साधा र, हलंत, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर, मग य. तुमचं चौदावं अक्षर म्हणजे तो जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

दोन्हीकडे दुरुस्ती करा. देवघेव सुरू नाही हे उत्तम, १,२०० नोंदी काढून टाका आणि एक्सेलमध्येच साफ करून परत चढवा. जॉइनर फाइंड-रिप्लेसच्या चौकटीत टाइप करता येत नाही, म्हणून सबस्टिट्यूट सूत्रात युनिकॅर ८२०५ (म्हणजे तो जॉइनर) वापरा. ‘र्’ आणि त्यापुढचा जॉइनर या जोडीच्या जागी ‘ऱ्’. सरसकट सगळे जॉइनर मात्र उडवू नका, काही ठिकाणी अर्धं अक्षर तसंच दिसावं म्हणून ते मुद्दाम घातलेले असतात.

पण एवढ्याने भागणार नाही, कारण वाचक कुठल्या कीबोर्डवरून टाइप करतील ते आपल्या हातात नाही. म्हणून झेब्राच्या वर्ड्स-आयसीयू आणि फ्रेझेस-आयसीयू या दोन्ही एक्सएमएल फाइलींमध्ये ट्रान्सलिटरेटचा (अक्षर बदलण्याचा) नियम घाला: ऱ चा र करा आणि जॉइनर काढून टाका. हा नियम अनुक्रमणी करताना लागतो आणि वाचकाच्या शब्दालाही लागतो, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच रूपात येतात. नोंदीत जे लिहिलंय ते बदलत नाही, पडद्यावर ‘शेतकऱ्यांसाठी’ असंच दिसतं. मग झेब्रा बंद-चालू करून पूर्ण अनुक्रमणी परत करा.

आणि पुढे कधी कोहाचं पॅकेज अद्ययावत करताना या फाइलींबद्दल “तुमची ठेवायची की नवीन घ्यायची” असं विचारेल. तिथे घाईत नवीन घेतली की हा सगळा खटाटोप पुसला जातो. आमच्याकडे एकदा तसं झालं आणि महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

प्रतिसाद २

वरच्या ताईंचा उपाय बरोबर आहे, पण मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतील हे धरून चला. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हेसुद्धा. समुद्राचं पुस्तक शोधताना दोन डोंगराची आली तर चालेल, हवं ते पुस्तक राहून जाणं वाईट, असं माझं मत.

बाहेरच्या प्रश्नाचं: १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते पुरवठादार अनेक ग्राहकांत वाटून वापरतो. तुमच्या राउटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही, मग पोर्ट फॉरवर्ड कितीही करा. भाड्याचा सगळ्यात छोटा सर्व्हर घ्या, वाचनालयातल्या मशीनवरून त्याकडे वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा काढा आणि जोडणी जिवंत ठेवणारा कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र त्या सर्व्हरवर. बाहेर फक्त वाचकांची यादी काढायची. ८०८० वरचा कर्मचाऱ्यांचा भाग वाचनालयाच्या आतच ठेवा, तिथे सभासदांचे पत्ते आणि कोणी काय वाचलं ते सगळं असतं. यात तडजोड करू नका.

धागाकर्त्याकडून

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. नियम घातला, पूर्ण अनुक्रमणी केली, आता ‘शेतकऱ्यांसाठी’ला नऊ पुस्तकं येतात, ते जमिनीचं धरून. नुसतं ‘शेतकर’ लिहिलं तरी सगळी येतात. सुरुवातीला बदल लागू झालाच नव्हता, कारण मी फक्त वर्ड्सची फाइल बदलली होती आणि शोध शीर्षकाच्या सुरुवातीवरून करत होतो, त्याला फ्रेझेसची लागते.

‘दर्या’चं आमच्या ग्रंथपाल ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ देत, वाचक बघून ठरवतील.

एक्सेल साफ करताना आणखी एक सापडलं: ‘ॲ’ सुद्धा दोन प्रकारांनी लिहिलाय, एकात एकच अक्षर आणि दुसऱ्यात अ वर चंद्र. त्यासाठीही तसाच नियम वाढवला. सर्व्हरच्या खर्चाचं पुढच्या बैठकीत ठेवतो. तोवर यादी वाचनालयातल्या वायफायवर चालू आहे, आणि रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर ताई घरी नेतात.