मननाची वेळ मोबाइलमध्ये जाते. निर्बंध घालावेत की नाही?

नगरकर
सलाम. पवित्र शास्त्राचे वाचन मी मोबाइलवरच करतो आणि अडचण तिथेच आहे. स्तोत्र उघडले की वरून कोणाचा तरी निरोप डोकावतो, तो पाहण्यासाठी बोट सरकते आणि मननासाठी राखलेली वेळ मंडळीच्या गटातील शुभेच्छा नि क्रिकेटच्या बातम्या वाचण्यात जाते. ती सर्व अ‍ॅप काढूनच टाकावीत, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला मात्र असे निर्बंध म्हणजे देवाच्या कृपेखाली असताना पुन्हा नियमशास्त्राखाली, म्हणजे विधिनियमांच्या बंधनात, जाणे वाटते. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हात लावू नको, चाखू नको अशा विधींविषयी प्रेषित पौलाने जे लिहिले आहे, ते येथे लागू होत नाही का?

रविवारची शाळा
नगरकर भाऊ, पौलाचा आक्षेप विधींतून पात्रता मिळवू पाहण्यावर आहे. ज्याने आपल्याला आधीच स्वीकारले आहे त्याच्यासाठी वेळ राखून ठेवण्यावर नाही. दानीएल बाबेलात दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि राजाची मनाई निघाली त्या दिवशीही त्याने पूर्वीप्रमाणेच प्रार्थना केली (दानीएल 6:10). त्या दिवशी त्याला नवा निश्चय करावा लागला नाही.

तरीही वहिनींचा उपाय मला अपुरा वाटतो. मत्तय 12:43-45 मधले घर झाडलेले आणि सजवलेले होते, पण रिकामे होते, म्हणूनच बाहेर पडलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परतला. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, काळात मोबाइल बाजूला ठेवून ईस्टरच्या संध्याकाळी दुप्पट उत्साहाने तो हाती घेणारे आपण पाहतोच! म्हणून काय काढायचे याच्या आधी त्या जागी काय ठेवायचे ते ठरवा: छापील पवित्र शास्त्र, ठरलेली खुर्ची, एकच अध्याय आणि त्यातल्या एका वचनावर वहीत चार ओळी. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असावा.

वसईकर
सगळा दोष यंत्राला देता येणार नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या संन्याशाने लिहून ठेवले आहे की, मन उबगले की मठवासी सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते सूर्यावरून अजमावतो आणि कोणी बंधू भेटायला येतो आहे का, हे पाहू लागतो. प्रत्येक कामाचे माप आधीच ठरवावे आणि ते पुरे होईपर्यंत सोडू नये, असे त्याने सुचवले आहे. आम्हा कॅथलिकांकडे सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या आंजेलूसच्या, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेच्या, घंटेने असे माप घालून दिले होते. घरातील सर्वांनी मिळून म्हटलेल्या रोझरीचाही, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचाही, तसाच आधार असे, कारण एकट्याचा नेम लवकर मोडतो. वहिनींना सोबत घेऊन बसता येईल का, हे पाहा.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. कामावरून केव्हाही फोन येऊ शकतो, त्यामुळे तो दुसऱ्या खोलीत ठेवणे मला शक्य नाही आणि पहाट तर बहुधा वॉर्डातच उजाडते. मार्क 1:35-38 मध्ये येशू एकांतात प्रार्थना करीत असताना शिष्य शिमोन त्याला शोधत येतो आणि सर्व लोक तुमचा शोध करीत आहेत असे सांगतो, पण येशू परत न जाता पुढच्या गावांना निघतो. हाक कानावर पडू नये अशी सोय त्यालाही नव्हती. मी कामावरचा एक क्रमांक सोडून बाकी सर्व सूचना बंद केल्या आहेत आणि पाळीवर निघण्यापूर्वी छापील पुस्तकातून एक स्तोत्र वाचते. लांब स्तोत्र असेल तर दोन दिवस घेते.