नकोसे मार्केटिंग कॉल: ब्लॉक करून सोडून द्यायचं की १९०९ वर तक्रार करायची?

मुळाकाठ
माझं मत, तक्रार करायची. दुपारी जरा डोळा लागला की फ्लॅटवाल्यांचा फोन, ऑफिसच्या मीटिंगमध्ये पर्सनल लोनवाल्यांचा, संध्याकाळी क्रेडिट कार्ड. आपण काय करतो, चिडतो, कट करतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरतो. तो माणूस मात्र लगेच पुढच्याला फोन लावतो आणि आपल्याला उद्या दुसऱ्या सिमवरून येतोच.

बऱ्याच जणांना माहीतच नसतं की साध्या दहा आकडी मोबाईलवरून जाहिरातीचे कॉल करत सुटायला परवानगीच नाहीये. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे प्रमोशनल कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा, आणि बँका, विमा कंपन्यांचे कामाचे कॉल १६०० वाल्या सिरीजवरून. म्हणजे "सर, हिंजवडीत टू बीएचके बघताय का" हा दहा आकडी नंबरवरचा कॉल तिथेच नियमाबाहेर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले त्यात अशा बिननोंदणीच्या कॉलरविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंदणी) लावलेलं असायची अटच काढून टाकली. तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस झाली. आणि आधी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या, आता १० दिवसांत ५ आल्या की कारवाई. पाच! एका सोसायटीतले पाच जण पुरेत. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, परत सापडला तर वर्षभर सगळी कनेक्शनं बंद.

१९०९ वर फोन किंवा मेसेज करा, नाहीतर ट्रायचं डीएनडी ॲप आहे. समोरच्याचा नंबर, तारीख आणि तो काय विकत होता ते थोडक्यात, एवढंच द्यायचं असतं.

सांजवात
एवढा वेळ कोणाकडे आहे हो? ट्रूकॉलरवर लाल दिसलं की मी उचलतच नाही. तुम्ही एक नंबर बंद कराल, ते दहा नवीन सिम घेतील.

मुळाकाठ
सांजवात, लाल दिसल्याने तुमचा फोन वाचला, पण त्या नंबरचं काही बिघडलं नाही, तो चालूच आहे. आणि माझ्या सासऱ्यांसारखी माणसं लाल-हिरवं बघत नाहीत, फोन वाजला की उचलतात आणि समोरचा सर म्हणाला की पूर्ण ऐकून घेतात. त्यांच्यासाठी कोणी तक्रार करायची?

जुनाजाणता
२००७ पासून हेच ऐकतोय. तेव्हा डू नॉट कॉल रजिस्टर आलं, मग २०१० चे नियम, २०१८ मध्ये कॉल-मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदीसाठी ब्लॉकचेन आणलं म्हणे, दर वेळी आता बंद होणार असं सांगितलं आणि दर वेळी महिनाभर शांतता. मी तक्रारी केल्यात. माझ्या मोबाईल कंपनीने "तक्रार ग्राह्य नाही" असा मेसेज पाठवून फाईल बंद केली, कारण नाही, काही नाही. ज्या कंपनीला या कॉलमधून पैसे मिळतात तिच्याचकडे तक्रार न्यायची, ही रचनाच मुळात चुकीची आहे. तुमचं नियमांचं वाचन चांगलं आहे पण राबवणारा कोण?

मुळाकाठ
रचनेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच २०२५ च्या बदलात मोबाईल कंपन्यांनाही दंड ठेवलाय, स्पॅमचे आकडे चुकीचे कळवले तर पहिल्यांदा २ लाख, मग ५, मग १० लाख. कारवाईसाठी आधी ३० दिवस होते, ते ५ केलेत. पण तक्रारच नोंदली नाही तर आकडाच तयार होत नाही ना.

साईटव्हिजिट
आता जरा दुसऱ्या बाजूचं ऐका. मी वाकडला एका ब्रोकरकडे कॉलिंग केलंय, त्यामुळे आतलं माहितीये. तुमचा नंबर कुठून येतो? तुम्ही कुठल्यातरी साईटवर सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात आणि गेटवर रजिस्टर भरलंत, प्रॉपर्टी एक्स्पोमध्ये कूपन भरलंत, वेबसाईटवर रेट बघायला नंबर टाकलात. ती एक्सेल शीट एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि माणसाने घर घेऊन वास्तुशांत झाली तरी त्याला फोन जातच राहतो. कॉल करणारी पोरं लातूर, नांदेड, बुलढाण्याहून आलेली, पहिली नोकरी, पगार कमी आणि इन्सेंटिव्ह साईट व्हिजिटवर. आणि सिम कोणाच्या नावावर? पोराच्याच. स्वतःच्या आधारवर घ्यायला लावतात.

तुमच्या पाच तक्रारी झाल्या की बंद काय होतं तर त्या पोराच्या नावावरच्या सगळ्या कनेक्शनांचं आउटगोइंग, घरी आईला दिलेल्या सिमचंसुद्धा. मालक दुसऱ्या दिवशी नवीन पोरगा बसवतो. हा न्याय आहे का? मला तुमचा राग कळतो, पण शिक्षा चुकीच्या माणसाला होते, म्हणून मी कधीच तक्रार करणार नाही.

गोदातीरी
साईटव्हिजिट म्हणतोय ते अगदी खरं. माझा नाशिकला छोटा क्लास आहे, ॲडमिशनच्या दिवसांत मी स्वतःच्या फोनवरून पालकांना कॉल करते. नोंदणी, टेम्प्लेट (आधी मंजूर करून घ्यायचा मजकूर), हे सगळं मोठ्यांना परवडतं. मी पण स्पॅमर झाले का?

मुळाकाठ
गोदातीरी ताई, ज्या पालकांनी तुमच्याकडे चौकशी केली त्यांना फोन करणं वेगळं, ते स्वतःच विचारायला आलेत. पण शाळेतून यादी मिळवून अख्ख्या सातवीच्या पालकांना फोन लावले तर हो, तो स्पॅमच, क्लास लहान असला तरी. आणि चौकशी केली म्हणजे कायमची परवानगी नाही, चालू व्यवहारापुरती दिलेली संमती नवीन नियमात ७ दिवसच धरतात.

साईटव्हिजिट, तुमचा मुद्दा मला लागला, त्या पोरांना पुढे करून मालक मागे राहतो हे अन्यायाचंच आहे. पण म्हणून आम्ही गप्प बसलो तर मालकाला काय हवंय तेच होतं. तक्रारीत नंबर तर द्यावाच लागतो, पण वर्णनात प्रोजेक्टचं नाव, बिल्डरचं नाव, ब्रोकरचं नाव लिहा ना. फोनवर दोन मिनिटं जास्त घालवून ते काढून घ्यायचं.

साईटव्हिजिट
नाव काढायचंच असेल तर एजंटचा महारेरा (राज्याचं बांधकाम क्षेत्राचं नियामक प्राधिकरण) नोंदणी नंबर विचारा. नवीन प्रोजेक्टमधले फ्लॅट विकणाऱ्या ब्रोकरची महारेराकडे नोंदणी लागते, रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, आणि नोंदणी नसेल तर कलम ६२ मध्ये दिवसाला १० हजार दंड आहे, विकलेल्या जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. तो दंड पोराला नाही, धंदा करणाऱ्याला लागतो. आम्हाला हा प्रश्न कोणी विचारला की टीम लीडर लगेच फोन कट करायला सांगायचा, यावरून समजा. हे करणार असाल तर मी तुमच्या बाजूने. १९०९ बद्दल माझं मत तेच आहे.

सांजवात
हे उपयोगी आहे. पण लोनवाल्यांचं काय? त्यांना विचारलं तर म्हणतात तुम्हीच ॲपवर परवानगी दिलीत.

मुळाकाठ
ती बारीक अक्षरातली टिक असते, "डीएनडी असलं तरी मला फोन करा" अशी. ती संमती मागे घेता येते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर लिहिलंय की संमती देणं जेवढं सोपं, काढून घेणं तेवढंच सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतायत. तोवर ज्या ॲपवर नंबर दिला तिथे लेखी कळवा आणि मेल जपून ठेवा. केवायसीच्या नावाने ओटीपी मागणारा असेल तर तो विषयच वेगळा, ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी वेबसाईटवर चक्षू नावाची तक्रारीची सोय आहे तिथे टाका, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर.

जुनाजाणता
माझा विश्वास अजून बसलेला नाही. पण प्रोजेक्टचं नाव घालून एक तक्रार परत टाकतो, आज सकाळीच एक आला होता खराडीचा. परत "ग्राह्य नाही" आलं तर तो मेसेज इथे चिकटवतो, मग बोलू.